टॅपेट गप्प आहे, म्हणजे गाडी ठणठणीत आहे का?

हा भाग ऐकायच्या ऐवजी वाचणाऱ्यांसाठी लिहून काढलाय. रेकॉर्डिंगमध्ये जिथे जिथे मी नुसतं "हे बघा, एवढीशी फट" म्हणालो होतो, तिथे आता आकडे घातलेत. बाकी बोलणं तसंच ठेवलंय.

विषय निघाला तो लालबागच्या एका श्रोत्याच्या व्हॉइस नोटवरून. तो म्हणतो, "दादा, एक सेकंडहँड एक्सपल्स बघितली. तीस हजार चाललीय. मालक मातीत फिरवायचा, कर्जत, माळशेज वगैरे. पण म्हणतो आत्ताच टॅपेट सेट करून घेतलेत. आवाज खरंच काही नाही, एकदम शिलाई मशीन. घेऊन टाकू का? दोन वर्षं साठवलेले पैसे आहेत."

खरं सांगू, "शिलाई मशीन" हा शब्द ऐकला आणि माझे कान टवकारले. आवाज करणारी गाडी निदान काहीतरी सांगत तरी असते. विकायच्या आदल्या आठवड्यात अचानक गप्प झालेली गाडी काय लपवतेय ते आधी बघावं लागतं. कारण टॅपेटचा आवाज बंद करायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे फट कमी करून टाकणं. पाच मिनिटांचं काम. गाडी गोड वाटते, गिऱ्हाईक खूश होतं, आणि दोन-तीन हजार किलोमीटरनंतर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो तेव्हा मालक फोन उचलत नाही. प्रत्येक विकणारा असं करतो असं अजिबात नाही. पण करणं इतकं सोपं आहे की तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आज म्हणून टॅपेट. म्हणजे पुस्तकी भाषेत व्हॉल्व्ह क्लिअरन्स.

ही फट ठेवतातच कशाला?

इंजिनच्या वरच्या भागात, म्हणजे हेडमध्ये, व्हॉल्व्ह असतात. एक आत हवा-पेट्रोल घेणारा, तो इनलेट. एक जळलेला धूर बाहेर सोडणारा, तो एक्झॉस्ट. एक्सपल्सच्या २०१९ मध्ये आलेल्या पहिल्या मॉडेलला असे दोनच व्हॉल्व्ह आहेत, नंतरच्या फोर व्ही मॉडेलला चार. कॅमशाफ्ट फिरतो, रॉकर नावाच्या झोपाळ्यासारख्या तुकड्याला एका बाजूने उचलतो, रॉकरची दुसरी बाजू व्हॉल्व्हला खाली दाबते, व्हॉल्व्ह उघडतो. स्प्रिंग त्याला परत वर ओढून बंद करते. ६००० आरपीएमला प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो आणि ५० वेळा बंद होतो.

आता रॉकरचं टोक आणि व्हॉल्व्हची काडी यांच्यामध्ये, व्हॉल्व्ह बंद असताना, अगदी बारीक फट ठेवलेली असते. झेरॉक्सचा साधा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. बहुतेक छोट्या सिंगल सिलिंडर गाड्यांची फट तेवढीच किंवा त्याहून थोडी इकडे-तिकडे. इनलेटची सहसा कमी, एक्झॉस्टची तेवढीच किंवा जास्त.

फट का? कारण लोखंड गरम झालं की लांबतं. ९० मिलिमीटर लांबीचा स्टीलचा व्हॉल्व्ह १०० अंशांनी तापला तर साधारण ०.१ मिलिमीटर वाढतो. म्हणजे तुमची अख्खी फट शंभर अंशांत खाल्ली गेली. आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह शंभर नाही, कितीतरी शे अंश तापतो. मग तो कायमचा अडकत का नाही? कारण ज्या हेडमध्ये तो बसलाय ते ॲल्युमिनियमचं आहे आणि तेही तापून फुगतं, त्याच्याबरोबर कॅम आणि रॉकर वर सरकतात. एक गोष्ट फट कमी करते, दुसरी वाढवते. या दोघांचा हिशोब करून कंपनीने थंड इंजिनसाठी एक आकडा दिलेला असतो. हा हिशोब कानाने किंवा बोटाने करता येत नाही, म्हणून "मला अंदाज आहे" म्हणणाऱ्याला मी टॅपेटला हात लावू देत नाही. तो बाकी कितीही चांगला मेकॅनिक असो.

फट जास्त झाली तर काय होतं? टकटक, टकटक. रॉकर आधी ती मोकळी जागा पार करतो आणि मग व्हॉल्व्हवर आपटतो. व्हॉल्व्ह थोडा उशिरा उघडतो, थोडा कमी उघडतो, पिकअप जरा मंद. खूप दिवस तसंच चालवलं तर रॉकरच्या टोकाला आणि कॅमला मार बसतो. त्रासदायक आहे, पण कळतं. आवाजच करतो तो.

फट कमी झाली, किंवा संपलीच, तर? आवाज नाही. उलट गाडी छान वाटते. पण गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, केसभर उघडा राहतो. आणि इथे खरी गोम आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्हला थंड व्हायला एकच मोठी वाट असते. बंद झाल्यावर तो आपल्या सीटवर, म्हणजे हेडमधल्या कड्यावर, टेकतो आणि उष्णता तिथून हेडमध्ये जाते. तव्यावरून हात उचलून थंड फरशीवर टेकवावा तसं. टेकायलाच मिळालं नाही तर उष्णता जाणार कुठे? वर त्या केसभर फटीतून पेटलेला गॅस जोरात बाहेर निसटतो, तो व्हॉल्व्हची कड कापत जातो. कडेचा एक तुकडा खाल्ल्यासारखा दिसतो. मग कॉम्प्रेशन गेलं, हेड खोलायचं, व्हॉल्व्ह बदलायचा, सीट कापायची. जे काम काही शे रुपयांत झालं असतं ते काही हजारांवर जातं.

म्हणून गॅरेजवाल्यांचं एक म्हणणं मला पटतं की टॅपेट किंचित ढिला चालेल, घट्ट नको. अर्थात "किंचित" म्हणजे पुस्तकात दिलेल्या हद्दीतच.

मातीतली गाडी वेगळी का

रस्त्यावरच्या गाडीत फट हळूहळू बदलते. ऑफरोड गाडीत ती लवकर बदलू शकते, आणि याचं पहिलं कारण एअर फिल्टर. घाटातली, शेताच्या वाटेवरची धूळ फार बारीक असते. फिल्टर फाटलेला असेल, नीट बसला नसेल, किंवा कोणी "श्वास मोकळा व्हावा" म्हणून काढूनच टाकला असेल, तर ती धूळ इनलेट व्हॉल्व्हवरून आत जाते. धूळ म्हणजे पॉलिश पेपरच. व्हॉल्व्हची कड आणि सीट दोन्ही झिजतात. सीट झिजली की व्हॉल्व्ह हेडमध्ये थोडा वर शिरतो, त्याची काडी रॉकरच्या जवळ येते, आणि फट कमी होते. हे नीट समजून घ्या, कारण सगळ्यांना वाटतं झीज झाली की फट वाढते. कॅम-रॉकरची झीज फट वाढवते. व्हॉल्व्ह-सीटची झीज फट कमी करते. कोणती जास्त चाललीय ते मोजल्याशिवाय कळत नाही.

दुसरं म्हणजे इंजिन बराच वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, वर वारा कमी. चढावर दगडांतून गाडी रेटताना आरपीएम जास्त आणि वेग सायकलचा. एअर कूल्ड गाडीला हे जड जातं.

त्यामुळे जुनी ऑफरोड गाडी बघायला गेलात की टॅपेटच्याही आधी फिल्टरचं झाकण उघडून बघा. फिल्टरच्या आतल्या बाजूला, जिथे स्वच्छ हवा असायला पाहिजे तिथे, बोट फिरवा. बोटाला माती लागली तर किमतीची बोलणी तिथूनच बदलतात. तसंच फिल्टरच्या डब्यात पाण्याच्या रेषेसारखा चिखलाचा पट्टा दिसला तर गाडी ओढ्यात खोलवर गेलेली आहे. नुसता पट्टा दिसला म्हणून गाडी वाईट नाही, पण मालकाला विचारा, "दादा, पाण्यात बंद पडली होती का कधी?" आणि मग उत्तरापेक्षा चेहरा बघा.

बघायला जाताना

एकच अट घाला. मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. आणि पोचल्यावर पहिलं काम, हात इंजिनवर ठेवा. कोमट लागला तर मालकाने आधीच गरम करून ठेवलीय, म्हणजे थंड असतानाचा आवाज किंवा स्टार्टिंगचा त्रास तुम्हाला ऐकू द्यायचा नाहीये. चहा प्या, गप्पा मारा, किंवा सरळ दुसऱ्या दिवशी सकाळी या.

थंड चालू केल्यावर हलकीशी टिकटिक येणं नॉर्मल आहे, त्याला घाबरू नका. स्क्रूवाल्या टॅपेटची गाडी थोडी बोलतेच. टॅपेटचा आवाज इंजिनच्या गतीच्या अर्ध्या गतीने, नियमित, हेडच्या झाकणापाशी येतो. खालून किंवा बाजूने साखळी घासल्यासारखी खरखर येत असेल तर ती बहुधा टायमिंग चेन किंवा तिचा टेन्शनर, तो वेगळा खर्च. लांब पेचकसाचं टोक हेडला लावून मूठ कानाच्या हाडाला टेकवली की कुठून येतंय ते बऱ्यापैकी कळतं. चालत्या इंजिनपासून गळ्यातला दुपट्टा, ओढणी लांब ठेवा.

मग पंधरा-वीस मिनिटं चालवा. परळ ते दादर सिग्नलच्या गर्दीत चालवलीत तरी पुरे, इंजिन चांगलं तापतं. परत आल्यावर गाडी बंद करा, दोन मिनिटांनी पुन्हा चालू करा. फट संपलेल्या गाडीची चुगली इथे होते. थंड असताना पटकन लागणारी गाडी गरम झाल्यावर कुरकुरते, स्लोला आरपीएम खालीवर होतो, सिग्नलला गपकन बंद पडते. हीच लक्षणं दुसऱ्या कारणांनीही येतात, प्लग, हवेची गळती, इंजेक्टर, काहीही. म्हणून लक्षणांवरून निकाल देऊ नका, पण एवढं दिसलं तर मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आणि खरा उपाय म्हणजे मालकाला सरळ म्हणा, "टॅपेट तुम्ही सेट केलेत ना, छान. मग रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीवर, माझ्या ओळखीच्या मेकॅनिककडे, माझ्यासमोर मोजू. मजुरी माझी." ज्याने खरंच काम केलंय तो लगेच हो म्हणतो.

मोजायचं कसं

आधी हत्यारं. फिलर गेज, म्हणजे पातळ पत्त्यांचा जुडगा, नागदेवी स्ट्रीटला काही शे रुपयांत मिळतो. घेताना बघा, पातळ पत्त्या आहेत ना. मोटारींसाठीच्या काही जुडग्यांत ०.०५ नंतर एकदम ०.१० येतं, ते आपल्या कामाचं नाही. ०.०५ ते ०.१५ च्या मधले टप्पे हवेत. पत्तीचं टोक थोडं वाकवलेलं असेल तर फ्रेमखालून घालायला सोपं. याशिवाय टॅपेट फिरवायची छोटी की, चेकनटला बसणारा रिंग पाना, प्लग पाना, आणि स्वच्छ फडका.

लालबाग-परळच्या मुलांना एक गंमत सांगतो. घरात कोणी आजोबा गिरणीच्या कार्डिंग खात्यात फिटर किंवा जॉबर असतील, तर त्यांना फिलर गेज शिकवायला जाऊ नका. कापूस विंचरणाऱ्या त्या मशीनमध्ये मोठा सिलिंडर आणि त्याच्यावरचे फ्लॅट यांच्यामधली फट अशाच पत्त्यांनी लावायचे, इंचाच्या हजाराव्या भागात. दहा "थाऊ" म्हणजे साधारण पाव मिलिमीटर. पत्ती नुसती जायला नको, जाताना बोटाला अडल्यासारखी लागली पाहिजे, हे ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

दुसरी गोष्ट आकडा. तुमच्या मॉडेलचा, तुमच्या वर्षाचा. ओनर्स मॅन्युअल, सर्व्हिस मॅन्युअल, किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटर. रील बघून आकडा घेऊ नका. कारण एकाच नावाच्या गाडीत इंजिन बदललेलं असतं. हिमालयन ४११ आणि २०२३ च्या शेवटी आलेली हिमालयन ४५० यांचं नाव एक, हेड पूर्ण वेगळं. खाली मी उदाहरणासाठी इनलेट ०.०८ आणि एक्झॉस्ट ०.१२ धरतोय. हे उदाहरण आहे, तुमच्या गाडीचा आकडा नाही.

तिसरी गोष्ट थंड इंजिन. होंडाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये इंजिन ३५ अंशांखाली असावं असं लिहितात. आता मुंबईचा मे महिना आठवा. दुपारी उन्हात उभ्या गाडीचं हेड हवेनेच तेवढं तापलेलं असतं. त्यामुळे रात्रभर सावलीत उभी, आणि पहाटे किंवा सकाळी लवकर काम. चाळीच्या पटांगणात तेव्हा जागाही मिळते, आणि नळाला पाणी येईपर्यंत तुमचं आटपतं.

आदल्या दिवशी गाडी धुवा, खास करून टाकीखालचा भाग. टाकी काढली की हेडच्या खोबणीत वाळलेली लाल माती सापडतेच. टॅपेटचं झाकण उघडल्यावर तीच माती आत पडली तर काम करून उलट नुकसान. पंक्चरवाल्याकडे हवा मारून घेतली तर उत्तम. प्लग काढण्याआधीही प्लगच्या खड्ड्यातली माती उडवा.

मग सीट, टाकी काढा. पेट्रोलचा कॉक असेल तर बंद, इंजेक्शनवाली गाडी असेल तर पाइप काढायची पद्धत पुस्तकात बघूनच, कारण त्या पाइपात दाब असतो. जवळपास कोणी सिगरेट ओढत नाही ना, तेही बघा. चाळीत हे सांगावं लागतं.

प्लग काढा. त्यामुळे इंजिन हाताने सहज फिरतं. टॅपेटची दोन झाकणं उघडा. डाव्या बाजूच्या मॅग्नेट कव्हरवर दोन बूच असतात, मधलं मोठं क्रँकच्या नटासाठी, वरचं छोटं खूण बघायला. दोन्ही काढा.

आता पिस्टन अगदी वर आणायचा, आणि तोही योग्य फेरीत. लोक चुकतात ते नेमके इथेच, म्हणून सावकाश वाचा. क्रँक दोन फेऱ्या फिरतो तेव्हा कॅम एक फेरी फिरतो. त्यामुळे पिस्टन वर दोनदा येतो. एकदा कॉम्प्रेशनला, तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह बंद. दुसऱ्यांदा एक्झॉस्ट संपताना, तेव्हा एक बंद होत असतो आणि दुसरा उघडायला लागलेला असतो. आपल्याला पहिला हवाय.

मधल्या नटाला सॉकेट लावून क्रँक फिरवा. बहुतेक गाड्यांत डावीकडून बघताना घड्याळाच्या उलट दिशेने, म्हणजे गाडी पुढे जाताना चाक फिरतं तसं. सॉकेट नसेल तर मेन स्टँडवर किंवा मागचं चाक उचलून टॉप गिअर टाका आणि चाक हाताने पुढे फिरवा. डोळा इनलेटच्या रॉकरवर. तो खाली दबतो, मग वर येतो. वर आल्यानंतर छोट्या बुचातून आत बघत राहा, "टी" ही खूण येते, ती कव्हरवरच्या खाचेसमोर आणा. "टी"च्या थोडं आधी "एफ" येतो, तो ठिणगीचा, त्याच्यावर थांबू नका. "टी" पुढे गेला तर उलटं फिरवू नका, परत दोन फेऱ्या मारून या. उलटं फिरवलं की टायमिंग चेन एका बाजूने ढिली पडते आणि खूण खोटी बोलते.

खात्री कशी करायची? दोन्ही रॉकर बोटांत धरून हलवा. दोन्हीत अगदी हलकी खुळखुळ लागली तर बरोबर जागेवर आहात. एक घट्ट असेल तर एक पूर्ण फेरी पुढे जा आणि परत बघा. आणि एक फेरी मारूनही एक रॉकर घट्टच राहिला, तर मात्र थांबा. हा तोच व्हॉल्व्ह असू शकतो ज्याची फट संपलीय. लालबागच्या त्या मित्रासाठी हे अख्ख्या भागातलं सगळ्यात महागडं वाक्य आहे. काही गाड्यांत स्टार्टिंग हलकं करायला ऑटो डिकॉम्प्रेसर असतो, तो एक्झॉस्टचा रॉकर किंचित उचलून धरतो आणि फसवतो. त्यामुळे "टी" खाचेसमोर नेमका आलाय ना ते परत बघून मगच निष्कर्ष काढा.

मोजणं. पत्ती फडक्याने पुसा, तेलाचा थर असेल तर आकडा चुकतो. रॉकरच्या स्क्रूचं टोक आणि व्हॉल्व्हची काडी यांच्यामध्ये सरळ घाला, तिरकी नाही. नुसती "जाते का" एवढंच बघू नका. ०.०८ जाते, हलकी अडते, आणि ०.१० जातच नाही, म्हणजे ०.०८ आणि ०.१० च्या मध्ये आहात. दोन्ही बाजूंनी असं कोंडीत पकडलं की हाताचा अंदाज शिल्लक राहत नाही.

सेट करण्याआधी, मिळालेला आकडा लिहून ठेवा. फोनमध्ये, किलोमीटर आणि तारखेसकट. सगळे "सेट करून दिलं" म्हणतात, "आधी किती होतं" कोणी सांगत नाही, आणि निदान तर त्या आधीच्या आकड्यात असतं. आता समजा एक्झॉस्ट ०.०५ मिळाला आणि हवाय ०.१२. तुम्ही सेट केला. दोन हजार किलोमीटरने मोजला आणि परत ०.०७ वर आला. म्हणजे व्हॉल्व्ह सीटमध्ये शिरत चाललाय. स्क्रू कितीही फिरवा, झीज थांबणार नाही. हेडचं काम आलंय, एवढाच त्याचा अर्थ. आणि दुसऱ्यांदाही ०.१२ च राहिला, तर पहिल्यांदा कोणीतरी मुद्दाम किंवा निष्काळजीपणे घट्ट केला होता, गाडी बहुधा ठीक आहे. तोच आवाज, तीच गाडी, पण दोन वेगळ्या गोष्टी. हे एका मोजणीत कळत नाही.

सेट करताना चेकनट अर्धी फेरी सोडा, पत्ती फटीत ठेवा, की ने स्क्रू फिरवा, पत्ती ओढताना हलकी अडेल इथवर. मग स्क्रू की ने घट्ट धरून ठेवा आणि चेकनट आवळा. आवळताना स्क्रू थोडा सरकतोच, त्यामुळे आवळल्यानंतर परत मोजा. मला दोन-तीनदा तरी करावं लागतं, त्यात कमीपणा नाही. मग क्रँक दोन पूर्ण फेऱ्या फिरवून "टी" वर आणा आणि शेवटचं मोजा. रॉकरच्या स्क्रूच्या टोकाला खड्डा पडलेला दिसला तर पत्ती त्या खड्ड्यावरून पुलासारखी जाते आणि खरी फट तुम्ही मोजता त्यापेक्षा जास्त असते. तो स्क्रू बदला, स्वस्त असतो.

झाकणांच्या ओरिंग बघा, कडक झाल्या असतील तर नव्या, थोडं तेल लावून. प्लग आधी हाताने, पूर्ण बसेपर्यंत, मग पाना. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये प्लगचे आटे बिघडले तर त्याचा खर्च टॅपेटपेक्षा जास्त येतो.

शिमवाल्या गाड्या

केटीएम ३९० ॲडव्हेंचर किंवा हिमालयन ४५० यांत स्क्रू नसतो. फट शिम नावाच्या छोट्या टिकलीच्या जाडीवर ठरते. मोजणं घरी जमतं, पण टिकली बदलायला बऱ्याच इंजिनांत कॅमशाफ्ट काढावा लागतो, आणि टायमिंग चुकलं तर व्हॉल्व्ह पिस्टनला भेटू शकतो. पटांगणात करू नका. पण हिशोब तुम्हाला यायला हवा, म्हणजे गॅरेजमध्ये काय चाललंय ते कळतं. जुन्या शिमच्या जाडीत मोजलेली फट मिळवा, त्यातून हवी ती फट वजा करा. मोजली ०.०६, हवी ०.१२, जुना शिम १.९० असेल तर नवा १.८४ हवा. बाजारात सहसा ०.०५ च्या टप्प्याने येतात, म्हणून १.८५ घेतला तर फट ०.११ होईल. ती तुमच्या पुस्तकाच्या हद्दीत बसते का बघा. काढलेल्या शिमवरचा आकडा फोटो काढून ठेवायला सांगा. प्रत्येक वेळी पातळ-पातळ शिम लागत असेल तर तीच सीटची गोष्ट.

लालबागच्या मित्राला मी काय सांगितलं? गाडी नाकारू नको. फिल्टर आतून बघ, थंड इंजिनवर मोज, आणि एक्झॉस्ट पुस्तकातल्या हद्दीपेक्षा कमी आला तर सेट करायला लाव, पण हेडच्या कामाचा खर्च विचारून तेवढे पैसे किमतीतून मागून घे. मालक नाही म्हणाला तर गाडी सोड. एक्सपल्स, इम्पल्स, हिमालयन, मुंबईत सगळ्या विकायला येत राहतात, पावसाळा संपला की जास्तच.

घेतल्यानंतर पहिली मोजणी पुस्तकात सांगितलेल्या अंतरावर, आणि मातीत जास्त फिरत असाल तर त्याच्या आधी. घाटात जायच्या आदल्या संध्याकाळी नको, कारण काही चुकलं तर कळायला तुम्हाला आधी दादर-परळच्या दोन फेऱ्या हव्यात.

पुढच्या भागासाठी टॅपेटच्या आवाजाच्या व्हॉइस नोट पाठवत असाल तर थंड इंजिनच्या पाठवा, फोन हेडपासून हातभर लांब धरून, आणि सोबत मॉडेल, वर्ष, किलोमीटर आणि मोजलेले दोन आकडे. नुसता आवाज ऐकून मी काही सांगणार नाही.